विद्यापीठातील उत्प्रेरण-संशोधन: अनेक विभागांनी एकत्र येऊन नेमके काय करायचे?

गडहिंग्लज तालुक्यातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. उसाच्या बगॅसपासून, म्हणजे रस काढल्यावर उरणाऱ्या चोथ्यापासून, उपयुक्त रसायने करण्यासाठी लागणाऱ्या उत्प्रेरकांवर, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पण स्वतः खर्च न होणाऱ्या कॅटॅलिस्टवर, कोल्हापुरात एक संयुक्त प्रकल्प आखला जात असून त्यात रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, जीवरसायनशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकी या चार विषयांची मंडळी असतील. त्यांनाही त्यात सहभागी होण्याचे निमंत्रण आहे. असे बहुविद्याशाखीय काम केवळ प्रस्तावाला वजन यावे म्हणून असते की त्यामुळे संशोधनात खरोखर काही फरक पडतो, अशा गटात रसायनशास्त्रज्ञाच्या वाट्याला भुकटी तयार करून देण्यापलीकडे काय येते, आणि महाविद्यालयात मोठी उपकरणे नसताना या कामात कितपत भर घालता येईल, अशा त्यांच्या तीन शंका आहेत.

उत्प्रेरणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केलेला आणि या विषयातले प्रबंध तपासत आलेला अध्यापक या नात्याने मी माझे मत स्पष्टपणे मांडतो. पहिल्या शंकेतल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. अनेक संयुक्त प्रकल्पांत प्रत्येक विभाग आपापले नेहमीचेच काम करतो, मुदत संपली की चारही अहवाल एका पुठ्ठ्यात बांधले जातात आणि त्यांतला एखादा काढून टाकला तरी उरलेल्या तिघांच्या निष्कर्षांना धक्का लागत नाही. फरक पडतो तो आपल्या निष्कर्षाची तपासणी करण्याचा अधिकार दुसऱ्या विषयाच्या सहकाऱ्याला दिला जातो तेव्हाच, आणि तीही शोधनिबंध पाठवण्याच्या आधी, काम चालू असतानाच झाली तर. उत्प्रेरणात याची गरज फार मोठी आहे, कारण उत्प्रेरकाची क्रियाशीलता हा घनतेसारखा त्या भुकटीच्या अंगचा गुण नसतो. ती पृष्ठभागावरच्या अणूंवर, छिद्रांतून आत-बाहेर जाणाऱ्या रेणूंच्या वेगावर, द्रावकावर, तापमानावर आणि कच्च्या मालाबरोबर नकळत आलेल्या अशुद्धींवर एकाच वेळी अवलंबून असते. आणि यांतली प्रत्येक बाब नीट पाहण्याचे शिक्षण वेगवेगळ्या विभागांत मिळते. आपल्या विषयाच्या माणसाला जे दिसतच नाही ते दाखवून देणारा माणूस हाताशी असणे, एवढाच बहुविद्याशाखीय संशोधनाचा माझ्या लेखी खरा उपयोग आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण अमोनियाचे आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांनी उच्च दाबाखाली नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून १९०९ मध्ये दाखवला, तेव्हा त्यांनी वापरलेले ऑस्मियम हे उत्प्रेरक इतके दुर्मीळ होते की त्यावर कारखाना चालवणे अशक्य होते. बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीत आल्विन मिटाश यांनी स्वस्त पर्यायासाठी हजारो चाचण्या घेतल्या, आणि त्यांत स्वीडनमधील गॅलिव्हारे येथील मॅग्नेटाइट खनिजाचा एक नमुना शुद्ध लोहापेक्षा कितीतरी सरस ठरला. त्या खनिजातल्या अशुद्धीच याला कारणीभूत आहेत हे ओळखून मिटाश यांनी ॲल्युमिना आणि पोटॅशियम मुद्दाम मिसळलेला लोह-उत्प्रेरक घडवला. त्याच कंपनीत ही प्रक्रिया कारखान्यात उतरवणारे कार्ल बॉश यांच्यापुढची अडचण अगदी वेगळी होती: तापलेल्या पात्रातला हायड्रोजन पोलादातल्या कार्बनशी संयोग पावे आणि पोलाद ठिसूळ होऊन पात्र फुटे. त्यांनी आतून मऊ लोखंडाचे अस्तर आणि बाहेरच्या पोलादी कवचाला बारीक भोके अशी रचना केली, आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथील कारखाना सुरू झाला. लोहाच्या पृष्ठभागावर नायट्रोजनचा रेणू कसा तुटतो याचा उलगडा मात्र गेरहार्ड एर्टल यांनी पृष्ठभाग तपासण्याची भौतिकशास्त्रातली साधने वापरून पुढे कित्येक दशकांनी केला, ज्यासाठी त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या मंडळींपैकी कोणालाही दुसऱ्याचे काम करता आले नसते.

मिटाश यांना अशुद्धीने मदत केली. आजच्या संशोधकाला तीच फसवते. २००३ मध्ये सुझुकी अभिक्रिया, म्हणजे एरवी पॅलेडियमच्या साहाय्याने दोन सेंद्रिय रेणू जोडणारी अभिक्रिया, पॅलेडियमसारख्या कोणत्याही संक्रमण धातूशिवाय घडवून आणल्याचा दावा प्रसिद्ध झाला होता. त्याच गटाने प्रामाणिकपणे पुन्हा तपासणी केली आणि २००५ मध्ये जाहीर केले की, बाजारातून घेतलेल्या सोडियम कार्बोनेटमध्ये पॅलेडियमचा अंश होता आणि तो अब्जात अवघे ५० भाग इतका असला तरी अभिक्रिया चालवायला पुरेसा होता. पाण्यातून ऑक्सिजन मुक्त करणाऱ्या निकेलच्या विद्युत-उत्प्रेरकांबाबतही असेच झाले. कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणातले लोहाचे अंश निकेल हायड्रॉक्साइडच्या थरात शिरतात आणि वाढलेली क्रियाशीलता बव्हंशी त्या लोहाची असते, हे २०१४ मध्ये काळजीपूर्वक दाखवले गेले. विद्युत-रासायनिक पद्धतीने नायट्रोजनपासून अमोनिया मिळाल्याच्या कित्येक दाव्यांत मोजलेला अमोनिया हवेतून, रबरी नळ्यांतून किंवा पडद्यातून आलेला असू शकतो, म्हणून नायट्रोजन-१५ हा समस्थानिक वापरून खात्री केल्याशिवाय तो दावा मान्य करू नये, अशी शिस्त २०१९ पासून रूढ झाली. चुंबकीय ढवळणीच्या टेफ्लॉनच्या कांडीला पडलेल्या बारीक चरांत आधीच्या प्रयोगातला धातू अडकून राहतो आणि पुढच्या प्रयोगात काम करतो, हेही त्याच वर्षी सिद्ध झाले. आपल्या प्रयोगशाळेतली ढवळणीची कांडी किती वर्षे जुनी आहे आणि ती आधी कशात फिरली आहे, हे एकदा अवश्य पाहावे.

कोल्हापुरातील भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळांत पातळ थरांवरचे, म्हणजे थिन फिल्मवरचे, काम फार वर्षांपासून जोमाने चालत आले आहे. थर कसा बसवायचा, त्याची जाडी आणि स्फटिकरचना कशी राखायची, यात त्या मंडळींचा हात धरणारे थोडे. परंतु कॉस्टिक पोटॅश लोहमुक्त करून घेतला आहे का, हायड्रोजनच्या बाजूच्या अभिक्रियेचा अभ्यास करताना समोरचा इलेक्ट्रोड प्लॅटिनमचा ठेवल्यास तेच प्लॅटिनम विरघळून आपल्या थरावर जाऊन बसत नाही ना, हे प्रश्न विश्लेषणात्मक रसायनशास्त्र शिकलेल्या माणसाला आधी सुचतात. उलट, रसायनशास्त्रज्ञ ज्या भुकटीला एक्स-रे विवर्तनाच्या आलेखावरून ‘शुद्ध’ म्हणून मोकळा होतो, तिच्यात दोन-तीन टक्के अस्फटिक अवस्था असली तर ती त्या आलेखात दिसणारच नाही, याची आठवण भौतिकशास्त्रज्ञ करून देतो.

आपल्या भागात या विषयाचे सर्वाधिक प्रबंध प्रकाश-उत्प्रेरणावर, म्हणजे प्रकाशाच्या ऊर्जेवर चालणाऱ्या उत्प्रेरणावर, होतात आणि त्यांच्या प्रस्तावनेत इचलकरंजीचे सांडपाणी व पंचगंगेचे प्रदूषण यांचा उल्लेख हमखास असतो. तळमळ खरी असते. प्रयोग मात्र त्या सांडपाण्यापर्यंत पोहोचत नाही. टायटॅनियम डायऑक्साइडसारखे द्रव्य घ्यायचे, ऊर्ध्वपातित पाण्यात मिथिलीन ब्ल्यू विरघळवायचे आणि रंग गेला की काम झाले असे समजायचे, ही रीत आता सोडली पाहिजे. सुती कापडाला रिॲक्टिव्ह प्रकारचे रंग वापरतात आणि ते बसवण्यासाठी मीठ व सोडा भरपूर घालतात. सोड्यामुळे आलेले कार्बोनेट रंग तोडणारी हायड्रॉक्सिल मूलके गिळंकृत करते, आणि मूळ सांडपाणी इतके गडद असते की प्रकाश बोटभरही आत जात नाही. शिवाय दृश्य प्रकाशात मिथिलीन ब्ल्यू स्वतःच प्रकाश शोषून घेतो आणि त्याचा रंग उत्प्रेरकाच्या कर्तृत्वाशिवायही उतरू शकतो. म्हणून फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर चाचणी घेणे आणि रंगाबरोबरच एकूण सेंद्रिय कार्बन किती उतरला ते मोजणे आवश्यक आहे. ॲनाटेज रूपातील टायटॅनियम डायऑक्साइडला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा, म्हणजे जवळजवळ ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबी लागते, आणि सूर्यप्रकाशात अशा अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ४ ते ५ टक्के असतो. या आकड्यांची जाणीव ठेवून रंगशाळेतल्या प्रत्यक्ष पाण्यापासून सुरुवात करणारा प्रकल्प कोणी आखला, तर मी त्याचे मनापासून स्वागत करीन.

आता आपल्या प्रकल्पाकडे येतो. बगॅसपासून काय करायचे हे ठरवताना माझी शिफारस फुरफुराल या रसायनाची आहे, आणि तिचे कारण पूर्णपणे कोल्हापुरी आहे. बगॅसच्या कोरड्या वजनात साधारण चौथा हिस्सा पेंटोसान हा साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचा पदार्थ असतो. आम्लाच्या सान्निध्यात त्याचे आधी झायलोज ही साखर आणि मग पाण्याचे तीन रेणू निघून जाऊन फुरफुराल होते. १०० किलो कोरड्या बगॅसमध्ये २५ किलो पेंटोसान धरले, तर रेणुभारांच्या हिशेबाने जास्तीत जास्त १८ किलो फुरफुराल मिळू शकते. कारखानदारीत प्रत्यक्ष उतारा याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. ओटच्या टरफलांपासून त्याचे औद्योगिक उत्पादन अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या आरंभीच सुरू झाले होते, त्यामुळे रसायन नवे नाही. फुरफुरालवर हायड्रोजनची क्रिया केली की फुरफुरिल अल्कोहोल मिळते, आणि त्यापासून जे फ्युरान रेझिन बनते ते फाउंड्रीत वाळूचे साचे व कोअर बांधण्यासाठी वापरतात. एकीकडे साखर कारखाने आणि दुसरीकडे उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगलेपर्यंत पसरलेल्या फाउंड्री, असा कच्चा माल आणि गिऱ्हाईक यांचा शेजार दुसरीकडे सहसा सापडत नाही. आपल्याकडच्या बहुतेक फाउंड्री ग्रीन सँडवर, म्हणजे माती-पाण्याने बांधलेल्या ओल्या वाळूवर, चालतात हे खरे. तरी मोठ्या कास्टिंगसाठी साचा न तापवता रेझिनने कडक करण्याची नो-बेक पद्धत लागते आणि तिथे फ्युरान रेझिनचे स्थान पक्के आहे.

या साखळीत उत्प्रेरक तीन ठिकाणी येतो आणि तिन्ही ठिकाणचे प्रश्न वेगळे आहेत.

पहिला टप्पा झायलोजपासून फुरफुराल. रूढ पद्धतीत सल्फ्युरिक आम्ल वापरतात, त्यामुळे यंत्रे गंजतात, आम्लयुक्त सांडपाणी साचते आणि वाफही भरपूर लागते. म्हणून झिओलाइट, सल्फोनेटेड कार्बन किंवा ॲल्युमिनियमयुक्त मेसोपोरस सिलिका अशा घन आम्लांवर जगभर काम चालू आहे. शुद्ध झायलोजच्या द्रावणात हे उत्प्रेरक उत्तम चालतात. प्रत्यक्ष बगॅसच्या अर्कात मात्र पोटॅशियम, कॅल्शियम यांचे क्षार असतात, आणि ते घन आम्लाच्या पृष्ठभागावरच्या प्रोटॉनची जागा घेऊन तो प्रोटॉन पाण्यात ढकलून देतात. अभिक्रिया चालूच राहते, उताराही दिसतो, पण आता काम करणारे आम्ल द्रावणात असते आणि आपण श्रेय घन उत्प्रेरकाला देत असतो. हे पकडायला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. अभिक्रिया निम्मी झाली असताना मिश्रण गरम असतानाच गाळावे, गाळलेले पाणी त्याच तापमानाला पुढे ठेवावे आणि फुरफुराल वाढत जाते का पाहावे. जोडीला आधीचा व नंतरचा पीएच नोंदवावा. या दोन नोंदी नसलेला शोधनिबंध मी परीक्षक म्हणून मान्य करत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे अनेक ठिकाणी टेफ्लॉनचे भांडे बसवलेला पोलादी ऑटोक्लेव्ह ओव्हनमध्ये ठेवून अशा अभिक्रिया करतात. ओव्हनचा आकडा १७० अंश दाखवत असला तरी जाड पोलाद आणि त्याच्या आतले टेफ्लॉन तापून द्रावण त्या तापमानाला पोहोचायला तासाहून अधिक वेळ जाऊ शकतो. मग ‘१७० अंशांना ३० मिनिटे’ अशी नोंद केलेल्या प्रयोगात द्रावण १७० अंशांना कधी गेलेलेच नसते, आणि आत ढवळणेही नसते. अशा आकड्यांवरून काढलेला वेगस्थिरांक आणि सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया घडण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा) यांना काहीच अर्थ राहत नाही. आधीच तापवलेल्या तेलाच्या पात्रात लहान, जाड भिंतीच्या नळ्या बुडवून आणि ठरलेल्या क्षणी बर्फाच्या पाण्यात काढून हे काम जास्त नीट होते. मात्र १७० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब जवळजवळ ८ बार असतो, तेव्हा नळ्या त्या दाबाला तपासलेल्या असाव्यात आणि मध्ये संरक्षक आडोसा हवाच.

दुसरा टप्पा फुरफुरालच्या हायड्रोजनीकरणाचा. येथे तांबे चांगले, कारण ते वलयातल्या द्विबंधांना फारसा हात न लावता फक्त कार्बोनिल गटावर क्रिया घडवते. निकेल किंवा पॅलेडियम घेतले तर वलयही हायड्रोजन घेते किंवा कार्बन मोनॉक्साइड निघून फ्युरान तयार होते. कॉपर क्रोमाइट हा १९३० च्या सुमारापासूनचा जुना, खात्रीचा उत्प्रेरक आहे. परंतु त्यातल्या क्रोमियममुळे वापरून झालेल्या उत्प्रेरकाची विल्हेवाट लावणे हा धोक्याचा विषय होऊन बसतो, म्हणून क्रोमियमविरहित तांब्याचा शोध चालू आहे. तांब्याचा वितळबिंदू १०८५ अंश असला तरी त्याच्या सूक्ष्म कणांवरचे अणू त्यापेक्षा फार कमी तापमानाला हलू लागतात, कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि क्रियाशील पृष्ठभाग कमी होतो. गंधक आणि क्लोरीन ही त्याची दोन मोठी विषे. सल्फ्युरिक आम्लाने काढलेल्या फुरफुरालमध्ये गंधकाचा अंश राहिला, तर बाटलीतल्या शुद्ध फुरफुरालवर आठवडाभर टिकलेला उत्प्रेरक कारखान्यात पहिल्याच दिवशी मान टाकतो. म्हणजे पहिल्या टप्प्यावर कोणते आम्ल निवडले यावर दुसऱ्या टप्प्याचे आयुष्य ठरते, आणि म्हणूनच हे दोन टप्पे दोन विभागांनी एकमेकांशी न बोलता करण्यात अर्थ नाही. बाटलीतले फुरफुरालही निरुपद्रवी नसते. ताजे ऊर्ध्वपातित केलेले फुरफुराल जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळे असते. झाकण उघडून ठेवले की ते तपकिरी आणि पुढे काळे पडते, कारण त्यात आम्ले व राळेसारखे पदार्थ तयार होतात. असे काळपट फुरफुराल वापरून उत्प्रेरकाचे आयुष्य मोजण्यात काहीच हशील नाही. प्रयोगाच्या दिवशीच ते ऊर्ध्वपातित करावे.

तिसरा टप्पा फाउंड्रीतला, आणि माझ्या मते संशोधकांनी सर्वांत दुर्लक्षिलेला. फ्युरान रेझिन वाळूत मिसळल्यावर ते कडक होण्यासाठी आम्ल-उत्प्रेरक घालतात. ते सहसा पॅरा-टोल्युइन सल्फॉनिक आम्ल असते. त्यातले गंधक साच्याच्या पृष्ठभागावरून वितळलेल्या धातूत शिरते. ग्रे आयर्न या साध्या ओतीव लोखंडाला त्याचा फारसा त्रास नाही, पण एसजी आयर्न या अधिक चिवट ओतीव लोखंडात मॅग्नेशियममुळे गोलाकार झालेले ग्रॅफाइट वरच्या थरात बिघडून पुन्हा पापुद्र्यासारखे होते आणि कास्टिंगची ताकद तेवढ्या थरात घटते. फाउंड्रीचालकाला हे पुरेपूर ठाऊक असते. विद्यापीठातल्या उत्प्रेरण-संशोधकाला ते कोणी सांगितलेले नसते. कमी गंधकाचा, तरीही पावसाळी दमट हवेत आणि थंडीच्या सकाळी सारख्याच वेळात रेझिन कडक करणारा आम्ल-उत्प्रेरक हा पीएच.डी.ला पुरून उरेल असा प्रश्न आहे. त्यासाठी सेंद्रिय रसायनशास्त्र, धातुविज्ञान आणि वाळूच्या ताकदीची चाचणी हे तिन्ही लागते.

जीवरसायनशास्त्राच्या वाट्याचे काम याच साखळीत आहे. किण्वन जिवंत यीस्टशिवाय, नुसत्या पेशीरसानेही होते हे एडुआर्ड बुखनर यांनी १८९७ मध्ये दाखवल्यापासून विकरे, म्हणजे एन्झाइम, आणि रासायनिक उत्प्रेरक यांच्यामधली भिंत तत्त्वतः पडलेली आहे. विभागांमधली मात्र शाबूत आहे. झायलोज आयसोमरेज हे विकर झायलोजचे झायलुलोज करते आणि झायलुलोजपासून फुरफुराल अधिक सहजपणे होते. अडचण एवढीच की विकर ६०-७० अंशांच्या आणि उदासीन पीएचच्या आसपास काम करते, तर पुढचा टप्पा दीडशे अंशांच्या वर आणि आम्लात. दोन्ही एका पात्रात होणार नाहीत. मधल्या द्रावणातले क्षार आणि बफर पुढच्या घन आम्लाला काय करतील हे वर सांगितलेच आहे. जीवरसायनशास्त्रज्ञाने बफर निवडतानाच रसायनशास्त्रज्ञ शेजारी बसलेला असावा.

रासायनिक अभियंत्यांकडून दोन गोष्टी अवश्य शिकून घ्याव्यात. पहिली, मोजलेला वेग रासायनिक अभिक्रियेचा आहे की विसरणाचा, म्हणजे रेणू छिद्रांतून आत-बाहेर पसरण्याचा, हे ओळखणे. उत्प्रेरकाचे वजन तेवढेच ठेवून चाळणीने वेगवेगळ्या आकाराचे कण काढावेत आणि वेग बदलतो का पाहावे. मग ढवळण्याचा वेग वाढवून पाहावे. कण बारीक करताच वेग वाढत असेल, तर रेणू छिद्रांत अडखळत आहेत आणि अशा स्थितीत सक्रियण ऊर्जा खऱ्या किमतीच्या जवळपास निम्मीच मोजली जाते. दुसरी गोष्ट उत्प्रेरकाच्या पुनर्वापराची. ‘पाच वेळा वापरूनही ९८ टक्के रूपांतरण’ असे वाक्य प्रबंधांत वारंवार आढळते. उत्प्रेरक गरजेपेक्षा भरपूर घेतला आणि वेळही भरपूर दिला, तर त्यातला निम्मा मेला तरी रूपांतरण ९८ टक्केच दिसेल. उत्प्रेरक टिकतो असे म्हणायचे असेल, तर प्रत्येक वेळी २० ते ३० टक्के रूपांतरणावरच प्रयोग थांबवून सुरुवातीचे वेग ताडून पाहावेत.

आपल्या दुसऱ्या शंकेचे उत्तर यातून बरेचसे मिळाले असेल. या गटात आपण कार्बनचा ताळा सांभाळणारी व्यक्ती व्हावे, असे मी सुचवतो. पात्रात गेलेल्या प्रत्येक १०० कार्बन अणूंपैकी किती झायलोजमध्ये उरले, किती फुरफुरालमध्ये गेले, किती फॉर्मिक आम्लात आणि किती काळ्या चिकट ह्यूमिनच्या रूपाने उत्प्रेरकावर बसले, याचा जमाखर्च ज्याच्या हाती असतो त्याच्याशी बोलल्याशिवाय भौतिकशास्त्रज्ञाला आपल्या पृष्ठभागाचा अर्थ लावता येत नाही आणि अभियंत्याला पात्राचा आकार ठरवता येत नाही. ताळा ९० टक्क्यांच्या खाली राहिला, तर निवडकतेचा, म्हणजे रूपांतर झालेल्या मालातून हवा तो पदार्थ किती झाला याचा, आकडा कोणी कुठेही लिहू नये, असे गटात पहिल्या बैठकीतच ठरवून घ्यावे.

तिसऱ्या शंकेबाबत आपण निश्चिंत असावे. फुरफुराल २७७ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश तीव्रतेने शोषते, त्यामुळे महाविद्यालयातल्या साध्या यूव्ही-व्हिजिबल उपकरणावर रोजच्या मोजणीचे काम चालते. हायड्रॉक्सिमिथिल फुरफुराल त्याच्या अगदी जवळ, २८४ च्या सुमारास शोषत असल्यामुळे काही नमुने एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणावर, पडताळून घ्यावे लागतील एवढेच. घन आम्लावरचे आम्लस्थान मोजण्यासाठी मिठाच्या द्रावणात प्रोटॉन सोडवून ते कॉस्टिक सोड्याने अनुमापित करणे पुरते. चाळण्या, पीएचमापक, मफल भट्टी आणि ऊर्ध्वपातनाची मांडणी आपल्याकडे असणारच. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन वर्णपट यांसाठी शिवाजी विद्यापीठातील मध्यवर्ती उपकरण केंद्राकडे किंवा आय-स्टेम या राष्ट्रीय पोर्टलवरून अन्यत्र नमुने पाठवता येतात. हायड्रोजनचे उच्च दाबाचे प्रयोग मात्र महाविद्यालयात करू नयेत. ते अभियांत्रिकी विभागात, वायुगळतीचा इशारा देणारी यंत्रणा असलेल्या जागीच व्हावेत.

नमुन्यांबाबत एक अट आपण आग्रहाने घालावी. चारही विभाग एकाच घाण्यातला, म्हणजे एकाच बॅचचा, उत्प्रेरक वापरतील. त्या बॅचला क्रमांक असेल, तिच्यातला थोडा भाग सीलबंद राखून ठेवला जाईल, आणि कोणत्याही विभागाचा आलेख त्या क्रमांकाशिवाय काढला जाणार नाही. एका बॅचचे सूक्ष्मदर्शकातले चित्र आणि दुसऱ्याच बॅचची क्रियाशीलता एकाच निबंधात शेजारी छापली गेल्याचे मी पाहिले आहे, आणि त्या दोहोंमधला संबंध सांगणारा पुढचा परिच्छेद तितकाच निराधार होता. फसलेल्या प्रयोगांची नोंदही त्याच वहीत, त्याच तपशिलाने असावी. संगणकाच्या साहाय्याने उत्प्रेरकांचे भाकीत करू पाहणाऱ्यांना चांगल्या निकालांइतकीच वाईट निकालांची गरज असते आणि ते छापील निबंधांत जवळजवळ मिळतच नाहीत. लेखकांच्या नावांचा क्रम आणि सहमार्गदर्शकाची जबाबदारी हे विषयही सुरुवातीलाच लेखी ठरवावेत. पुढे ते अवघड होतात.

बगॅस फुकट नसते, याचे भानही गटाला असावे. गिरणीतून निघालेल्या, निम्मे पाणी असलेल्या बगॅसच्या किलोमागे साधारण २,२५० किलोकॅलरी उष्णता मिळते आणि कारखाना तिच्यावर बॉयलर व सहवीजनिर्मिती चालवतो. पेंटोसान काढून घेतल्यावर उरलेला सेल्युलोज व लिग्निनचा चोथा बॉयलरला परत देता आला, तरच कारखान्याला यात रस वाटेल. आणि तो चोथा ओला व आम्लयुक्त असेल तर बॉयलरचा प्रमुख तो घेणार नाही. हा प्रश्न प्रकल्पाच्या शेवटच्या वर्षात काढण्यापेक्षा आत्ताच एखाद्या कारखान्याच्या मुख्य अभियंत्याला आणि मुख्य रसायनशास्त्रज्ञाला बैठकीस बोलावून विचारावा.

नमुना गोळा करण्याची घाई मात्र करावी लागेल, कारण आपल्याकडचा गाळप हंगाम मार्चच्या सुमारास आटोपतो आणि त्यानंतर मिळते ते ढिगात महिनोन्‌महिने पडून आंबलेले, आतून तापलेले बगॅस, ज्यातल्या पेंटोसानवर आधीच जिवाणू-बुरशीचा हात फिरलेला असतो. शेवटच्या रोलरवरून पडणारे ताजे बगॅस घ्यावे, ६० अंशांच्या आत वाळवावे, आणि पिशवीवर कारखाना, तारीख, उसाचा वाण (को ८६०३२ असेल तर तसे) आणि त्या वेळची ओल लिहून ठेवावी. चारही विभागांना वर्षभर पुरेल इतके एकाच दिवशी घेतलेले बगॅस वाळवून, दळून, नीट मिसळून आपल्या महाविद्यालयात साठवता आले, तर प्रकल्प मंजूर होण्याआधीच त्यातले एक महत्त्वाचे काम आपल्या हातून झालेले असेल.